आमची वाटचाल : निविदांच्या नोंदी आणि फायरफॉक्स ५७

जळगावच्या गोलाणी मार्केटमधील एका गाळ्यात आमच्या फर्मचे काम २००९ पासून चालू आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील जिल्हा परिषदा, नगरपालिका, बांधकाम विभाग आणि आश्रमशाळा यांच्या निविदा शोधून त्या ठेकेदारांना, मजूर सहकारी संस्थांना आणि पुरवठादारांना वेळेवर कळवणे, निविदेची कागदपत्रे उतरवून देणे आणि सांगितल्यास ऑनलाइन निविदा भरून देणे, असे या कामाचे स्वरूप आहे. सुरुवातीला वर्तमानपत्रांतील जाहिराती कापून वहीत चिकटवाव्या लागत. पुढे निविदा संकेतस्थळांवर येऊ लागल्या आणि कात्रीची जागा ब्राउझरने घेतली. ठेकेदाराला मात्र काय हवे असते, ते तेव्हाही तेच होते आणि आजही तेच आहे : कामाचे नाव, अंदाजपत्रकीय किंमत, बयाणा रक्कम, शेवटची तारीख, आणि त्यांत काही बदल झाला असेल तर तो कधी झाला याची खात्रीची नोंद.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या व्यवसायाचा जीव त्यातच आहे. निविदा एकदा प्रसिद्ध झाली म्हणजे ती तशीच राहील असे नसते. शुद्धिपत्रक निघते, मुदत वाढते, एखादी अट गळते किंवा नवी येते, आणि संकेतस्थळावरचे पान बदलले की आधी तेथे काय लिहिले होते हे सहसा कोणाला दाखवता येत नाही. अमळनेरहून किंवा शहाद्याहून फोन येतो, ‘भाऊ, तारीख बदलनी का?’, तेव्हा केवळ ‘हो’ म्हणून भागत नाही. जुने पान आणि नवे पान शेजारी ठेवून दाखवावे लागते, कारण त्यावर त्या माणसाची बँक हमी आणि जुळवलेले भागीदार अवलंबून असतात.

हे काम आम्ही फायरफॉक्स या ब्राउझरमधील स्क्रॅपबुक या ॲड-ऑनने, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक प्रोग्रॅमने, करीत असू. पानावर असताना एक कळ दाबली की ते पान चित्रांसह संगणकावर साठवले जाई आणि डाव्या पट्टीत तालुकावार फोल्डरांत बसे. साठवलेल्या प्रत्येक पानाला चौदा अंकी नावाचे स्वतंत्र फोल्डर मिळत असे. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असा त्या अंकांचा क्रम होता. पान केव्हा पाहिले याची नोंद आपोआपच होई. जोडीला डाउनदेमऑल होते, ज्याच्या साहाय्याने एका निविदेखालची नकाशे, दरसूची आणि अटींची सगळी जोडपत्रे एकदम उतरवता येत. तिसरे ग्रीसमंकी, म्हणजे स्वतः लिहिलेले छोटे प्रोग्रॅम (स्क्रिप्ट) पानांवर चालवू देणारे ॲड-ऑन. त्यात आमच्या एका सहकारी ताईंनी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती : शेकडो ओळींच्या यादीत रावेर, यावल, चोपडा, बोदवड, साक्री, शिरपूर, धडगाव, अक्कलकुवा ही नावे आली की ती ओळ रंगीत व्हायची आणि एकदा पाहिलेले निविदा क्रमांक फिके पडायचे. रोमन लिपीत हीच गावे दोन-दोन तऱ्हांनी लिहिलेली असतात, त्या सगळ्या तऱ्हा ताईंनी त्या स्क्रिप्टमध्ये भरल्या होत्या. तो वर्षानुवर्षांच्या नजरेचा ठेवा होता.

ब्राउझरच्या नव्या आवृत्तीने ॲड-ऑन बंद पडणे हे आम्हांला नवे नव्हते. २०११ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ५ आले आणि तेव्हापासून साधारण दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली. त्या काळी प्रत्येक ॲड-ऑनमध्ये ते कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल हा आकडा लिहिलेला असे आणि तो ओलांडला की ॲड-ऑन विसंगत म्हणून बाजूला पडे. ॲड-ऑनची फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप असते, ती उघडून आतील इन्स्टॉल.आरडीएफ या फाईलमधील कमाल आवृत्तीचा आकडा वाढवला की बहुतेक वेळा ते पुन्हा चालू होई. गोलाणीतील कितीतरी जण हा उपाय करीत. जानेवारी २०१२ मधील फायरफॉक्स १० पासून बहुसंख्य ॲड-ऑन आपोआपच सुसंगत मानली जाऊ लागली आणि ही डोकेदुखी कमी झाली. पुढे ॲड-ऑनवर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची डिजिटल सही असणे सक्तीचे झाले. २०१६ मधील फायरफॉक्स ४८ पासून नेहमीच्या आवृत्तीत ही सक्ती बंद करण्याची सोयही उरली नाही आणि हाताने आकडा बदलण्याचा मार्ग कायमचा मिटला, कारण फाईल उघडून एक अक्षर बदलले तरी सही तुटते.

खरी कसोटी २०१७ साली लागली, आणि ती दोन टप्प्यांत. ७ मार्च २०१७ रोजी फायरफॉक्स ५२ प्रसिद्ध झाले आणि त्यात फ्लॅश वगळता जुन्या पद्धतीच्या सर्व प्लगइनांचा, म्हणजे पानातील खास भाग चालवणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमांचा, आधार काढून घेण्यात आला. जावाही त्यात गेले. क्रोमने हे पाऊल सप्टेंबर २०१५ मध्येच उचलले होते. त्या वेळी निविदा भरताना टोकनवरील (संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणावरील) डिजिटल सही पानात चालणाऱ्या जावाच्या साहाय्याने केली जात असे, आणि मार्च महिना म्हणजे निधी खर्ची पडण्याची घाई. ज्या आठवड्यांत निविदांचा पूर येतो, नेमक्या त्याच आठवड्यांत ही आवृत्ती आली. सुदैवाने त्याच दिवशी फायरफॉक्सची ५२ क्रमांकाची ईएसआर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती निघाली होती. तीत जावा चालत होते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत होत्या. आम्ही निविदा भरण्याचे संगणक ईएसआरवर नेले आणि मार्च पार पडला. पुढे सहीसाठी ब्राउझरबाहेर चालणारे स्वतंत्र प्रोग्रॅम आले आणि तो प्रश्न मागे पडला.

दुसरा टप्पा १४ नोव्हेंबर २०१७ चा. त्या दिवशी फायरफॉक्स ५७, म्हणजे ‘क्वांटम’, प्रसिद्ध झाले आणि जुन्या रचनेची सर्व ॲड-ऑन एकदम बंद झाली. याची घोषणा मोझिलाने २०१५ च्या ऑगस्टमध्येच केली होती, आणि ५७ येण्याच्या काही महिने आधीपासून ॲड-ऑनच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘लेगसी’ अशी पिवळी पट्टी दिसत होती. आमच्या यादीत स्क्रॅपबुकपुढे ती पट्टी होती, डाउनदेमऑलपुढेही होती. कार्यालयातील काहींना हा अन्याय वाटला आणि त्यांची भावना मी समजू शकतो, कारण माणूस ज्या अवजाराने रोज आठ-दहा तास काम करतो ते त्याच्या हाताचा भाग झालेले असते. तरीही या बदलामागचे कारण मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. जुनी ॲड-ऑन ब्राउझरच्या पोटात थेट हात घालीत. खिडक्या, मेनू, फाईली, जाळ्यावरची देवाणघेवाण, कशालाही त्यांना मज्जाव नव्हता. म्हणूनच ती इतकी गुणी होती, आणि म्हणूनच ब्राउझरच्या आतले काहीही हलवले की त्यांतील काही ना काही मोडे. पाने वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणे, वेग वाढवणे, सुरक्षा घट्ट करणे यांतील प्रत्येक गोष्टीत त्यांची अडचण होत होती. नव्या वेबएक्स्टेन्शन्स पद्धतीत ॲड-ऑनला ठरावीक दारांतूनच आत येता येते आणि कोणत्या दाराची परवानगी हवी ते आधी सांगावे लागते. बँकेचे व्यवहार आणि दुसऱ्याच्या डिजिटल सह्या ज्या संगणकांवर हाताळल्या जातात, त्या संगणकांच्या मालकाने या बंधनाचे स्वागतच करायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेल मून आणि वॉटरफॉक्स यांसारख्या, जुनी ॲड-ऑन चालवू देणाऱ्या ब्राउझरांकडे जावे असा आग्रह आमच्याकडे झाला होता. घरच्या वापरासाठी तो मार्ग निवडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. परंतु ग्राहकांचे टोकन लावायच्या संगणकावर मुख्य प्रवाहाबाहेरचा ब्राउझर ठेवणे मला मान्य नव्हते, आणि निविदा भरण्याची संकेतस्थळे मोजक्याच ब्राउझरांची नावे घेतात हेही कारण होतेच. त्यामुळे निर्णय असा झाला : जुन्या संग्रहाचा एक संगणक ईएसआर ५२ वर, निविदा भरण्यापासून वेगळा, बाकीचे संगणक नव्या आवृत्तीवर, आणि ईएसआर ५२ चा आधार सप्टेंबर २०१८ मध्ये संपेपर्यंत जी मुदत मिळते, तेवढ्यात प्रत्येक कामाला पर्याय शोधायचा.

पर्याय शोधताना एक गोष्ट फार उपयोगी पडली. आम्ही ॲड-ऑनच्या नावाने विचार करणे सोडले आणि कामाच्या नावाने विचार केला. स्क्रॅपबुकला पर्याय कोणता, हा प्रश्न विचारला की सगळेच पर्याय तोकडे दिसतात. ‘आजचे पान आजच्या वेळेसह जपून ठेवणे आणि सहा महिन्यांनी तालुक्यावरून शोधणे’ असे काम मांडले की वाट दिसू लागते. जुना संग्रह उघडून पाहिला, तेव्हा त्या चौदा अंकी फोल्डरांमध्ये साधी इंडेक्स.एचटीएमएल फाईल आणि शेजारी चित्रे होती. स्क्रॅपबुक नसतानाही कोणत्याही ब्राउझरमध्ये ती पाने उघडत होती. तालुकावार मांडणी तेवढी स्क्रॅपबुकच्या स्वतःच्या आरडीएफ फाईलमध्ये अडकलेली होती. ती फाईल वाचून तिची सरळ तक्त्यात यादी करून घेतली : फोल्डरचा अंक, निविदेचे नाव, तालुका, कार्यालय. ज्या दिवशी तो तक्ता पूर्ण झाला, त्या दिवशी आमचा संग्रह कोणत्याही ॲड-ऑनच्या आयुष्यापासून मोकळा झाला. या व्यवसायातील आमचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा मी याच कामाला मानतो, नवे संगणक किंवा वाढलेल्या गाळ्याला नव्हे.

नवी पाने साठवण्यासाठी आम्ही वेबस्क्रॅपबुक घेतले, जे जुन्या स्क्रॅपबुकच्या परंपरेतलेच पण नव्या रचनेचे आहे. नव्या रचनेत ॲड-ऑनला संगणकावर मनास येईल तेथे फाईल लिहिता येत नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्येच ती उतरते. त्यामुळे संध्याकाळी दिवसभराची पाने त्या फोल्डरमधून उचलून जिल्ह्यांच्या फोल्डरांत नेणे हे एक वेगळे काम झाले. ते आम्ही स्वीकारले, कारण त्या निमित्ताने प्रत्येक निविदेवर दुसऱ्या माणसाची नजर पडू लागली.

ताईंच्या स्क्रिप्टची कथा थोडी वेगळी. ग्रीसमंकीची चौथी आवृत्ती नव्या रचनेसाठी आली, पण साठवलेली मूल्ये वाचण्याची तिची पद्धत बदलली होती. पूर्वी स्क्रिप्टने विचारले की उत्तर जागच्या जागी मिळे. आता विचारून थांबावे लागे आणि उत्तर मागाहून येई. परिणाम असा की गावांची नावे रंगत होती, पण पाहिलेले क्रमांक फिके पडत नव्हते. व्हायोलेंटमंकी या त्याच कामाच्या ॲड-ऑनने जुनी पद्धत चालू ठेवली होती, म्हणून ताईंनी स्क्रिप्ट तेथे नेली आणि तिची एक प्रत साध्या मजकुराच्या फाईलमध्ये कार्यालयाच्या सर्व्हरवर ठेवली. डाउनदेमऑलची नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. एकाच फाईलचे तुकडे करून वेगाने उतरवणे नव्या रचनेत जमत नाही, तरी जोडपत्रे एकत्र उतरवण्याचे आमचे काम ती चोख करते.

४ मे २०१९ या दिवसाचाही उल्लेख करायला हवा. ॲड-ऑनवरील सह्या ज्या मधल्या प्रमाणपत्रावर आधारलेल्या होत्या, त्याची मुदत आपल्याकडच्या पहाटे संपली आणि जगभर फायरफॉक्समधील ॲड-ऑन बंद होऊ लागली. ही तपासणी प्रत्येक ब्राउझर साधारण चोवीस तासांतून एकदा करीत असल्याने आमच्याकडे एक संगणक बंद पडलेला आणि शेजारचा चालू, असे विचित्र दृश्य होते. अशा वेळी ॲड-ऑन काढून पुन्हा टाकण्याचा मोह होतो. आमच्या मुलांना तेवढे न करण्याची सक्त सूचना होती, कारण ॲड-ऑन काढले की त्याच्या आत साठवलेली माहितीही जाते. तातडीच्या कामापुरते डीबगिंगच्या पानावरून ॲड-ऑन तात्पुरते चढवता येते. ब्राउझर बंद करेपर्यंत ते टिकते. दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, दुरुस्त केलेली ६६.०.४ ही आवृत्ती आली. मधल्या वेळेत एकाही ठेकेदाराला आमच्याकडून उशिरा माहिती गेली नाही, कारण प्रत्येक कामाची हाताने करण्याची पद्धत तोपर्यंत मराठीत लिहून भिंतीवर लावलेली होती आणि नव्याने आलेल्या मुलांकडून ती करूनही घेतलेली होती.

अलीकडे क्रोमने मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या रचनेची एक्स्टेन्शन्स (क्रोममधील ॲड-ऑन) २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. आमच्याकडे त्याचा परिणाम जाहिराती रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनपुरताच झाला. क्रोमवर त्याची ‘लाइट’ आवृत्ती घेतली, फायरफॉक्सवर मूळचेच चालू आहे.

सध्या कोणतेही नवे ॲड-ऑन घेण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी पाहतो : त्याने साठवलेली माहिती साध्या फाईलमध्ये बाहेर काढता येते का, ते मागत असलेल्या परवानग्या कामापुरत्या आहेत का, आणि ते एका सकाळी बंद झाले तर काम कोणत्या मार्गाने पूर्ण होईल. नव्या आवृत्त्या रोखून धरत नाही. एका संगणकावर आधी चढवतो, तेथे दोन-तीन दिवस नेहमीचे काम होते आणि मग बाकीच्यांवर चढवतो. मार्चअखेर आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, जेव्हा हाताखाली माणसे कमी असतात, तेव्हा ही पाहणी मी स्वतः करतो.

जुन्या संग्रहातील काही वर्षे अजून केवळ तक्त्यातच आहेत, वेबस्क्रॅपबुकच्या सूचीत आलेली नाहीत. ती दिवाळीनंतरच्या सैल दिवसांत घेण्याचे ठरले आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या नोंदी आधी घेतल्या जातील, कारण धडगाव आणि अक्कलकुव्याकडील जुन्या रस्त्यांच्या कामांची विचारणा आमच्याकडे सर्वांत जास्त होते.