वालाच्या दाण्यातल्या कमलाबाई

मी मुंबईच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. असा काही विषय असतो हे मला आठवीत कळलं, ते आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंमुळे. बाई मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेल्या. तिथल्या प्राध्यापक कमला सोहोनी यांचं नाव त्यांच्या तोंडी इतक्यांदा यायचं, की त्या बाईंच्या कुणी मावशीबिवशी असाव्यात असं आम्हाला वाटे.

कमलाबाईंबद्दल हल्ली लिहिलं जातं ते बहुतेक एकाच प्रसंगावरून. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. कमलाबाई (तेव्हाच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण) थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष तात्पुरत्या प्रवेशाचं, काम पारखून पाहण्याचं, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे नेणारं हे प्रथिन. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. ‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद तेव्हापासूनचं. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगनची डी.एस्सी. १९३१ सालीच मिळाली होती, त्यामुळे या पहिलेपणाच्या वादात मी पडत नाही.)

बाईंना मात्र या कशापेक्षाही वालाचं कौतुक जास्त. बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांच्या प्रथिनांवर काम सुरू केलं होतं, मुंबईत आल्यावर तो धागा त्यांनी पुन्हा हाती धरला. कच्च्या वालात प्रथिनं भरपूर, पण त्याच दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारा एक पदार्थ असतो. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून येणारं, प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम). तेच अडलं की खाल्लेलं प्रथिन अंगी लागत नाही. कमलाबाईंनी एका सहकाऱ्याबरोबर वाल आणि डबल बी या दोन्हींतून हा अवरोधक स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ साली ‘नेचर’मध्ये तो शोधनिबंध छापून आला.

हे ऐकून आम्ही चाट पडलो. रायगडातल्या मुलांना वाल म्हणजे बिरडं आणि थंडीतली पोपटी, तो विलायतेच्या मासिकात कशाला जाईल? बाईंनी विचारलं, “तुझी आजी वाल कच्चे का खाऊ देत नाही?” मी म्हटलं, “पोटात दुखतं म्हणून.” “का दुखतं?” यावर वर्गात कुणीच बोललं नाही. मग बाईंनी उष्णतेने हा अवरोधक बराचसा निकामी कसा होतो ते सांगितलं. माझा विषय त्या तासाला ठरला असं म्हणायला हरकत नाही. आजही पहिल्या वर्षाच्या मुलांना विकरांचे अवरोधक शिकवताना मी वालापासूनच सुरुवात करते.

कमलाबाईंचं बहुतेक काम असंच गोरगरिबांच्या ताटाभोवतीचं. कडधान्यं, नीरा, ताडगूळ. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत. पुढे त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूटच्या संचालक झाल्या, पण ते पद त्यांच्या वाट्याला फार उशिरा आलं, असं बाई जरा रागानेच सांगायच्या.

१९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, त्यांतही कमलाबाई होत्या. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, हा त्या संस्थेचा मोठा उद्योग. त्यातलं थोडं बाईंनी आपल्या प्रयोगशाळेत आणलं. आम्ही घरून दूध न्यायचो, त्यात आयोडीनचे थेंब टाकायचो. निळं झालं की पिठाची भेसळ. हळदीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं काम बाई स्वतः करत. गुलाबी रंग येतो, पाणी घातल्यावर तो गेला तर हळद चांगली, टिकला तर मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाची भेसळ. एकदा रंग टिकला. दुसऱ्या दिवशी हळदवाले काका मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभे! बाई बाहेर आल्या, त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि त्यांच्यासमोर प्रयोग पुन्हा करून दाखवला. पुढचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही, पण आमच्या आईने दुकान बदललं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नवी प्रयोगशाळा उभी राहते आहे असं समजलं. जुन्या प्रयोगशाळेत रामन यांची तसबीर होती, ती नव्या भिंतीवरही लागेल, लागायलाच हवी, शास्त्रज्ञ म्हणून ते थोरच. समितीला विनंती एवढीच, की त्यांच्या अगदी शेजारी कमलाबाईंची तसबीर लावावी. चौकटीसकट तिचा खर्च मी देते.