नखुले आणि ओरेक्किएत्ते

नाशिकला कॉलेजात होते तेव्हा सुट्टीत एका कुकिंग क्लासला जायचे. पंचवीस-तीस जणी सतरंजीवर बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर वही. बाई समोर गॅसवर करून दाखवायच्या, आम्ही लिहून घ्यायचो आणि शेवटी कागदी डिशमध्ये चमचाभर चव मिळायची. ती वही आईकडे अजून आहे. तिच्यात जागोजागी ‘सैलसर भिजवावे’ असं लिहिलंय. सैलसर म्हणजे किती, ते मात्र मला कधीच कळलं नाही.

इटलीत बोलोन्याला येऊन दीड वर्ष झाल्यावर इथल्या संध्याकाळच्या एका क्लासला नाव घातलं. घरी हौसेने रांधणाऱ्यांसाठीचा क्लास, सहा मंगळवार, आम्ही आठ जण. आत गेले तर आठ लाकडी फळ्या, आठ हातभर लांब लाटणी आणि प्रत्येकाच्या पुढ्यात मैद्याचा ढीग, त्याच्या आळ्यात फोडलेली अंडी. हिशेब सरळ: १०० ग्रॅम मैद्याला १ अंडं. दोन्ही हात पिठात गेल्यावर वही कुठून काढणार?

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. हाताने पास्त्याची पोळी लाटणाऱ्या बाईला इथे स्फोल्यिना म्हणतात आणि तो मान आहे. मी मळायचं थांबवलं की त्या माझा तळवा धरून आधी स्वतःच्या गोळ्यावर ठेवायच्या, मग माझ्या. फरक तळव्याला कळायचा, मी पुन्हा मळायला लागायचे. मग गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा, म्हणजे मळून ताठरलेलं ग्लुटेन सैलावतं. आपली पोळीची कणीक मुरू देतो, तेच कारण.

लाटणं मात्र आपल्यासारखं नाही. पोळी लाटण्याला गुंडाळून घ्यायची आणि तळवे मधून कडांकडे सरकवत ताणत न्यायची. माझी पहिली मधोमध फाटली. बाईंनी कड जराशी ओली करून जोड दिला आणि लाटणं परत माझ्याच हातात ठेवलं. नाशिकच्या क्लासात हे कधी घडलंच नव्हतं. तिथे बिघडायला आमच्या हातात काही नसायचं.

पोळी किती पातळ हवी, तर तिच्याआडून सान लुकाची टेकडी दिसली पाहिजे, असं बाई म्हणायच्या. खापरावरचे मांडे आठवले. तालियातेल्ले म्हणजे या पोळीच्या कापलेल्या लांब पट्ट्या. त्यांची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर हवी, अशी १९७२ साली बोलोन्याच्या व्यापार मंडळात रीतसर नोंद झाली आहे. पण वर्गात मोजपट्टी कुणी काढत नाही, माप सुरी धरणाऱ्या हातातच असतं.

चौथ्या मंगळवारी दक्षिणेकडचा प्रकार होता, ओरेक्किएत्ते, म्हणजे छोटे कान. यात अंडं नाही. ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि त्याच्या निम्मं कोमट पाणी, बस्स. बारी शहराच्या जुन्या भागात आर्को बास्सो नावाच्या गल्लीत बाया दारात बसून हे करतात. गोळ्याची बोटभर जाड वळी करायची, चण्याएवढा तुकडा सुरीने फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. पहिला तुकडा अंगठ्यावर बसला आणि मला लग्नघर दिसलं. मावशी, तिच्या जावा, मध्ये परात, रुखवताचे गव्हले, मालत्या, नखुले. आम्ही पोरी आजूबाजूला खेळायचो. आम्हाला कुणी हात लावू दिला नव्हता.

मेमध्ये नाशिकला गेले, ते हे मनात धरूनच. पंचवटीत मावशीच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून ओरेक्किएत्तेच करायचे ठरवले. आपला बन्सी गहू ड्युरमच. रविवार कारंजावरून बन्सी रवा आणला, मिक्सरमधून आणखी बारीक केला. मावशी, दोन भाच्या, शेजारच्या काकू आणि मी. प्रत्येकीला वेगळा पोळपाट, वेगळा गोळा, ही माझी अट. धाकट्या भाचीचे तुकडे चिरडत होते, तिच्या हातची सुरी घ्यावी असं फार वाटलं. घेतली नाही. विसाव्या तुकड्याला तिला जमलं.

मावशी पाच मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, “अगं, हे तर नखुलेच की!” गोळ्याचा कण चिमटीत धरून तिने नखावर दाबला, तर तो वाटीसारखा वळला. मग गव्हले. डाव्या चिमटीतल्या गोळ्यातून उजव्या हाताची दोन बोटं दोरा वळावा तशी फिरत होती आणि खाली ताटात गव्हाचे दाणे पडत होते. पंधरा वर्षांत वळले नव्हते म्हणाली. हल्ली लग्नात पाकीट आणतात.

“मला दाखवू नकोस, माझ्या हातात दे,” मी म्हटलं. तिने तिची बोटं माझ्या बोटांवर ठेवली. दाब इतका हलका असेल, हे इतक्या वर्षांत बघून कळलं नव्हतं.

चार दुपारी बसलो तेव्हा वाटीभर गव्हले जमले. खीर तिथेच झाली, थोडे डब्यात घालून इकडे आणले. सप्टेंबरात नवा वर्ग सुरू होईल. डबा बाईंना दाखवीन, पण आधी त्यांच्या चिमटीत गोळा द्यायचाय. रवा इथलाच चालेल.