उकुलेले वर्ग, दुसरी तुकडी: सहावा रविवार

शनिवारी रात्री अकराला मावशींचा फोन. "सर, घोडी उडाली! फाटकन आवाज झाला, मला वाटलं वरून पाल पडली."

आमच्या वर्गात प्रत्येक जण स्वतःचं उकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, घडवतो. घोडी म्हणजे त्यावर चिकटवलेला, तारा धरणारा लाकडी तुकडा. मावशींच्या तारा चढवून तीनच दिवस झाले होते. सकाळी वर्गात घोडी उलटी करून बघितली, तर तळाला मोराचा निळा पिसारा जसाच्या तसा चिकटलेला. मावशी ब्लाऊज शिवतात, हात भारी. पैठणीवरचा बांगडी-मोर त्यांनी तबलीवर (वाद्याच्या पुढच्या फळीवर) काढला होता, पण त्याआधी सगळ्या तबलीवर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात मारले. घोडी बसणार ती जागासुद्धा रंगली. फेविकॉलनं रंग धरला, लाकूड नाही. तारांची ओढ पडल्यावर रंगाची सालच निघाली.

चूक माझी. "तेवढी जागा कोरी ठेवा" असं नुसतं तोंडानं सांगितलं होतं. आता रंगाची डबी उघडण्याआधी घोडीची जागा मीच मास्किंग टेपनं झाकून देतो. दुरुस्ती सोपी होती: घोडीभोवती पेन्सिलीची रेघ, रेघेच्या आतला रंग ब्लेडनं खरवडून कोरं लाकूड, घोडीचा तळही साफ, मग फेविकॉल आणि नादछिद्रातून हात घालून लावलेला सी-क्लॅम्प. एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही.

तसंही तबलीवर जाड रंग नकोच. ती जितकी हलकी, तितका आवाज मोकळा. नक्षीची हौस पाठीवर, बाजूंवर आणि खुंट्यांच्या पट्टीवर भागवावी. एकीनं आजीच्या जुन्या इरकलीचा काठ बाजूंना गोल चिकटवलाय, आवाजात काडीचा फरक नाही.

पहिल्या तुकडीत बाजूच्या पट्ट्या गरम पाइपवर वाकवताना निम्म्या मोडल्या होत्या. यंदा म्हणून सरळ चौकोनी डबा, सागवानी दांडी. दिसायला मिसळणाच्या डब्यासारखं, पण शिकणारा रडकुंडीला येत नाही. (1879 साली पोर्तुगालच्या मडेरा बेटाहून हवाईतल्या होनोलुलूला उतरून ज्यांनी हे वाद्य घडवलं, तेही फर्निचर करणारे सुतारच. वर्गातल्या सुतारकाम करणाऱ्या पोराला हे सांगितल्यापासून तो रंधा जरा ऐटीत धरतो.)

पडद्यांचं (दांडीवरच्या धातूच्या आडव्या तारांचं) मात्र नीट लिहून ठेवतो, कारण प्रत्येक तुकडीत इथंच घोळ होतो. आमची तारेची लांबी, म्हणजे नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिथं टेकतात) घोडीपर्यंत, 380 मिमी. ती 17.817 नं भागली की पहिला पडदा नटपासून 21.3 मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, की दुसरा 41.5 वर. असं करत बारावा बरोबर निम्म्यात, 190 वर. आकडे असे काढायचे, पण खुणा करताना प्रत्येक वेळी मोजपट्टीचं शून्य नटलाच. एका काकांनी मागच्या पडद्यापासून पुढचा मोजत नेला. दर वेळी अर्धा मिमी सरकला आणि बारावा साडेपाच मिमी पुढं गेला. पडद्यांची फळी नवी करावी लागली.

हेच काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. चौथी तार वरच्या बाजूला असूनही बारीक का, यावर ते अडून बसले. म्हटलं, पांढरी एकला सा धरा, मग तारा प-सा-ग-ध. हा प खर्जातला नाही, ग आणि ध यांच्या मधला. त्यांनी पेटीवर चारही सूर दाबून बघितले, मग तारा छेडल्या. "बरोबर वाजायलंय की!" नव्या नायलॉनच्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पाच मिनिटांत पुन्हा उतरल्या, ते वेगळं.

पुढच्या रविवारी दोघांचे पडदे ठोकायचे राहिलेत. मावशींची घोडी पक्की बसली. मोर आता बिनपिसाऱ्याचा आहे. पिसारा मागच्या पाठीवर काढणार म्हणतात.