थ्रिलरच्या टायटल्सना संगीत निवडताना

विद्यार्थ्यांच्या थ्रिलरमध्ये टायटल्स सुरू झाल्या की बहुतेक वेळा एकच प्रकार ऐकू येतो: खर्जातली घरघर, किंचाळणारी व्हायोलिन्स आणि शेवटी धाडकन आवाज. सगळी भीती टायटल्समध्येच खर्च झाल्यावर पहिल्या प्रसंगाला काय उरणार? टायटल्सच्या संगीताने फक्त शंका पेरावी.

ट्रॅक शोधायच्या आधी कार्डं, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या नावांच्या पाट्या, मोजा. एका नावाला साधारण तीन ते चार सेकंद लागतात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा असेल तर १४४० (मिनिटभराच्या फ्रेम्स) ला बीपीएमने, म्हणजे संगीताच्या मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी, भागा, म्हणजे एका ठोक्याच्या फ्रेम्स मिळतात. ७२ बीपीएमला २० फ्रेम्स, म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन ८० फ्रेम्सचं, सव्वातीन सेकंदांहून किंचित जास्त. दर आवर्तनाला एक कार्ड धरलं तर नऊ कार्डं बरोबर ३० सेकंदांत बसतात. २५ फ्रेम्सवर शूट केलं असेल तर १५०० ला भागायचं. तिथे ७५ बीपीएम सोयीचा. कार्ड ठोक्याच्या एखादी फ्रेम आधी बदललं तर खपतं, उशिरा बदललं की ढिसाळ वाटतं.

ट्रॅक मधूनच तोडून फेड-आउट करणं ही सगळ्यात सहज ओळखू येणारी चूक. त्याऐवजी ट्रॅकचा खरा शेवट टायटल्सच्या शेवटाशी जुळवा आणि मधली आवर्तनं काढून टाका. जोड ठोक्यावर, छोट्या क्रॉसफेडने (एक तुकडा विरत असताना दुसरा उमटतो). चित्रपटाचं नाव येण्याआधी अर्धा सेकंद पूर्ण शांतता ठेवून बघा. धाडकन आवाजापेक्षा ती जास्त काम करते.

खर्जाची एक गंमत आहे. हेडफोनवर अंगावर येणारा ५० हर्ट्झचा घुमारा लॅपटॉपच्या स्पीकरवर जवळजवळ गायब होतो. त्याच सुराला थोडं सॅच्युरेशन (आवाजात मुद्दाम आणलेली हलकी विकृती) द्या, म्हणजे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले उंच सूर, तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही तो सूर जाणवतो. टायटल्सखाली संवाद असतील तर स्टेम्स, म्हणजे वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइल्स, मिळणारा ट्रॅक घ्या. संवाद आला की मधल्या पट्टीतली वाद्यं बंद करता येतात.

आता परवानगी. ‘फुकट डाउनलोड’ म्हणजे वापराची मुभा नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापराची मुभा देणारे परवाने; त्यांच्या नावातली अक्षरं अटी सांगतात. बीवाय (श्रेय द्या) असेल तर श्रेय देऊन वापरा. एनडी (रूपांतराला मनाई) असेल तर सोडून द्या, कारण चित्रासोबत संगीत जुळवणं हे रूपांतर धरलं जातं. एनसी (व्यावसायिक वापर नाही) असेल तर पुढे चित्रपटातून कमाई करताना अडचण येते. एसए (त्याच अटींवर पुढे द्या) असेल तर चित्रपटही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. जुन्या शास्त्रीय रचनेवरचा हक्क संपलेला असला, तरी तिच्या ध्वनिमुद्रणावर कुणाचा तरी हक्क असू शकतो. डाउनलोड केलेल्या दिवशीच परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. शेवटच्या कार्डावर रचनेचं नाव, संगीतकार, परवाना आणि कुठून घेतलं, एवढं लिहा.