पाणी बंद केल्यावर ट्रिप झालेली गाडी

मुलांनी बनवलेली इलेक्ट्रिक रेसिंग गाडी कोइंबतूरला रवाना होण्याआधी वर्कशॉपमागच्या ओट्यावर आम्ही त्यांच्याकडून रेन टेस्ट करून घेतो. ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेत, तिथल्या करी मोटर स्पीडवेवर, तपासनीस हीच टेस्ट घेतात आणि तिथे पास झाल्याशिवाय इलेक्ट्रिक गाडी ट्रॅकवर उतरत नाही. गाडी स्टँडवर, मागची चाकं काढलेली, आत ड्रायव्हर नाही, हाय व्होल्टेज चालू. १२० सेकंद चहूबाजूंनी पावसासारखं पाणी मारायचं, मग पाणी बंद करून आणखी १२० सेकंद थांबायचं. या चार मिनिटांत आयएमडी, म्हणजे हाय व्होल्टेज आणि गाडीचा सांगाडा (चॅसी) यांच्यामधल्या इन्सुलेशनवर नजर ठेवणारं उपकरण, ट्रिप होता कामा नये, म्हणजे त्याने हाय व्होल्टेज तोडता कामा नये.

त्या दिवशीच्या गाडीचा बॅटरी पॅक ९६ सेल सिरीजचा होता. पूर्ण चार्जला ४०३ व्होल्ट. नियम प्रत्येक व्होल्टमागे ५०० ओहमचा, त्यामुळे साधारण २०२ किलोओहमच्या खाली इन्सुलेशन गेलं की आयएमडीने शटडाऊन सर्किट, म्हणजे हाय व्होल्टेज बंद करणारी साखळी, तोडलंच पाहिजे. या गाड्यांत बहुधा बेंडर कंपनीचा आयआर१५५ हा आयएमडी असतो. तो नुसतं चांगलं-वाईट सांगत नाही. त्याच्या सिग्नलच्या ड्यूटी सायकलवरून, म्हणजे सिग्नल किती टक्के वेळ चालू असतो त्यावरून, प्रत्यक्ष रेझिस्टन्स काढता येतो. ८ टक्के ड्यूटी म्हणजे सुमारे ३५ मेगओहम, ४६ टक्के म्हणजे १.४ मेगओहम, आणि ८२ टक्क्यांना आमची मर्यादा. हा आकडा लॉग करायची सोय प्रत्येक टीमने करावी, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या लाल दिव्यावरून काही कळत नाही.

पाणी सुरू असताना ड्यूटी ८ वरून ११ वर गेली, एवढंच. मुलं खूश झाली होती. पाणी बंद केलं आणि लॅपटॉपवर बसलेली मुलगी म्हणाली, “सर, आता चढतेय.” बघता बघता ४६, मग ७०, आणि सव्वा मिनिटाच्या आत एआयआर, म्हणजे पॅकचे मुख्य रिले, उघडल्याचा खट्ट आवाज आला. दोन मिनिटं थांबायचा नियम यासाठीच आहे. पाणी आत झिरपायला वेळ घेतं आणि आयएमडीही सरासरी काढत निर्णयाला येतो.

लगेच एक जण हीटगन घेऊन धावला. त्याला थांबवलं, कारण ही या कामातली सगळ्यात घातक सवय आहे. गाडी सुकवली की दोष दिसेनासा होतो, दुसऱ्या खेपेला गाडी पासही होते, आणि मग २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीत ओल्या ट्रॅकवर मधेच बंद पडते. ओली आहे तोवरच शोधायचं.

शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. एचव्हीडी, म्हणजे हाय व्होल्टेज तोडणारा प्लग, काढला, क्लास ० चे (विजेपासून बचावाचे) रबरी हातमोजे घातले, आणि मेजरिंग पॉइंटवर मीटर लावून व्होल्टेज ६० च्या खाली गेल्याची खात्री केली. डिस्चार्ज सर्किटने ते ५ सेकंदांत खाली आणायचं असतं, तरी मीटर लावल्याशिवाय हात घालायचा नाही. मग पॅकचा कनेक्टर सोडवला. मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर, लावण्याआधी आयएमडीची तारही काढावी लागते, कारण त्याचाच चॅसीकडे सुमारे १.२ मेगओहमचा रस्ता असतो. तो तसाच ठेवला तर चांगली गाडीसुद्धा खराब दिसते. ५०० व्होल्टवर पॉझिटिव्ह ते चॅसी मोजलं: ०.१७ मेगओहम. निगेटिव्ह ठीक. मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरची केबल सोडवली, आकडा तोच. म्हणजे दोष ड्रायव्हरच्या सीटमागच्या जंक्शन बॉक्समध्येच.

झाकण उघडलं तर तळाशी जेमतेम चमचाभर पाणी. झाकणाचा गॅस्केट कोरडा होता. पाणी आलं होतं वरून शिरणाऱ्या केशरी केबलच्या ग्लँडमधून (केबल बॉक्समध्ये शिरते तिथलं रबरी सील), आणि ग्लँड चांगला आयपी६७ चा, म्हणजे पाणी न शिरणारा, घट्ट आवळलेला. केबल बाहेर ओढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. वरचं आवरण गरजेपेक्षा ७-८ मिलिमीटर जास्त सोललेलं होतं, त्यामुळे ग्लँडचं रबर आवरणावर न बसता शिल्डच्या तांब्याच्या जाळीवर बसलं होतं. जाळी वातीसारखी पाणी ओढून घेते. ते थेंब बसबारखालच्या (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्टीखालच्या) फायबरग्लासच्या पट्टीवर पडले. पट्टीवर कापकामाची धूळ होती, आणि धूळ-पाण्याच्या त्या ओल्या थरातून बसबार ते चॅसी असा रस्ता तयार झाला. नुसतं पाणी असतं तर कदाचित इतकं खाली गेलंही नसतं.

केबल नव्याने सोलली, रबर पूर्ण आवरणावर येईल इतकीच. जाळीच्या टोकाला आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली. ग्लँड बॉक्सच्या वरून हलवून खालच्या बाजूला घेतला आणि केबल ग्लँडमध्ये शिरण्याच्या अलीकडे तिला खाली झोल दिला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशीच गळून पडतं. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मोटरच्या तिन्ही फेज केबल्सचे ग्लँडही उघडायला लावले, कारण इन्व्हर्टर स्विचिंग करत नसताना मोटरकडचा फॉल्ट आयएमडीला नीट दिसत नाही. रेन टेस्ट पास झाली म्हणून तिकडे सगळं ठीक आहे असं धरता येत नाही. त्यातल्या एका केबलचं आवरण तसंच जास्त सोललेलं निघालं. तीही बदलली आणि तिन्ही फेज वेगळ्या मेगर केल्या.

रात्री पुन्हा पूर्ण टेस्ट घेतली. ड्यूटी शेवटपर्यंत ९ टक्क्यांवर होती. मुलांनी तो लॉग आणि सोलायच्या लांबीचं माप ग्लँडच्या यादीत नोंदवलं आणि बॉडीवर्क चढवायला घेतलं.