बोंडू, तेरेखोलच्या अल्याड आणि पल्याड

एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याहून मठच्या वाटेला लागले आणि तो ओळखीचा वास आला. पिकून गळलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, गोड पण घशाला धरणारा. रस्त्याकडेच्या बागेत थांबले. झाडं वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीची, खाली लालभडक बोंडूंचा सडा. एक काकी वाकून बोंडू उचलायच्या, बी पिरगळून टोपलीत टाकायच्या आणि बोंडू बाजूला भिरकावायच्या.

"ह्या बोंडूंचा काय करतास?" मी विचारलं.

"काय करूचा? गुरां खातत, रवलेले कुसतत."

तिथून जवळच्याच एका काजू कारखान्यात गेले. बी बॉयलरच्या वाफेवर शिजवून रात्रभर निवू देतात, मग कटिंग. मशीनवर बसलेल्या मावशी एका हाताने बी पात्यांमध्ये धरत होत्या, पायाने पॅडल दाबत होत्या. टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटते म्हणून बोटांना खोबरेल चोपडलेलं, तरी नखं काळी पडलेलीच. त्यांचं सगळं लक्ष गर अख्खा निघण्याकडे, कारण अख्ख्याचा भाव वेगळा आणि तुकड्याचा वेगळा. अख्ख्या गराची प्रत नंबराने सांगतात: 320 नंबर म्हणजे एका पौंडात, साधारण 454 ग्रॅममध्ये, 320 पर्यंत गर. नंबर जितका लहान तितका गर मोठा आणि महाग.

वेंगुर्ल्याच्या काजूची चव मला जगात कुठेच सापडलेली नाही, आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण वाळवलेली बी महिनोन्महिने टिकते, बोटीतून कुठेही जाते. आयव्हरी कोस्टसारख्या आफ्रिकी देशांतली बी केरळात कोल्लमला उतरते आणि तिथे सोलली जाते. व्हिएतनामने तर हेच काम यंत्रांवर नेऊन जगाची बाजारपेठ धरली. या मावशींच्या पॅडलची गाठ थेट त्या यंत्रांशी आहे. बाहेरची बी स्वस्त आली की आमच्या बागायतदाराचा दर पडतो.

दुपारी आरोंद्याचा पूल ओलांडून किरणपाणीला उतरले. खाली तेरेखोलची खाडी, पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. झाडं तीच, माती तीच. पण इथे झाडाखाली एक बोंडू दिसेना! पुढे एका दारूच्या भट्टीवर सगळे सापडले. आपसूक गळलेलेच बोंडू घेतात, तोडलेले नाहीत. ते चेचून रस काढायचा आणि दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, वेगळं यीस्ट वगैरे काही नाही. पहिल्या धारेची उर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्यातलं ते पहिलंच.

भट्टीशेजारी बसून मी बराच वेळ याच विचारात होते. बोंडू एका दिवसात नासतो. तो कोल्लमला नेता येत नाही आणि आफ्रिकेतून आणताही येत नाही. म्हणजे बीच्या धंद्यात आपण साऱ्या जगाशी झुंजतो, पण बोंडूत स्पर्धा फार तर शेजारच्या तालुक्याशी. आणि नेमका तोच आपण फेकतो. दारूच करायला हवी असं नाही. रसात साबुदाण्याची खळ घातली की तुरटपणा खाली बसतो आणि उत्तम सरबत होतं. कोकमाच्या बाबतीत हे आपल्याला कधीच जमलंय: सालीचं आमसूल, रसाचं आगळ, बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल. ते करणाऱ्या बायका घरोघरी आहेत. बोंडूला हवी रस काढायची सोय, तीही बागेपासून हाकेच्या अंतरावर, आणि ती नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परतताना मुद्दाम मठच्या वाटेने आले. काकी घरी गेल्या होत्या. सकाळचा लाल ढीग तपकिरी पडला होता आणि त्यातून पाणी सुटून बांधापर्यंत ओघळ गेला होता.