पोहोच ज्याची त्याला

नाशिकला जुन्या सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ, माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. कोर्ट, सरकारी कार्यालयं, एसटी स्टँड सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं. वकिलांचे कारकून, प्रतिज्ञापत्रवाले, जून लागला की दाखल्यांसाठी धावणारी पोरं. सरकारला कुठल्या कामाची घाई आहे आणि कुठल्या नाही, हे इथे बसून पेपर न वाचताही कळतं. २०१५ च्या सिंहस्थाआधी ठेकेदारांची माणसं रात्री शटर अर्धं वर करायला लावून कामं करून घ्यायची. जाड कागद, स्पायरल, रंगीत नकाशे, पैशाला घासाघीस नाही. पहिलं शाहीस्नान २९ ऑगस्टला होतं आणि पर्वणी काही कुणासाठी थांबत नाही, म्हणून फाइली पळत होत्या. आता २०२७ साठी पुन्हा तेच चाललंय.

मी स्वतः रामकुंडावर जाणारा माणूस, सिंहस्थाशी माझं भांडण नाही. पण त्याच काउंटरवर सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडची मंडळी वनहक्काच्या दाव्यांचे कागद घेऊन यायची. तीच माणसं, तेच कागद, दर वर्षी थोडे जास्त मळलेले. कायदा २००६ चा. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल, तर चार हेक्टरपर्यंत त्याचा हक्क, असं त्यात सरळ लिहिलंय. पर्वणी चुकवता येत नाही हे सगळ्यांना पटतं. भाताची लावणीही चुकवता येत नाही, पण तिच्यासाठी कुणी रात्रीची फाईल पळवल्याचं मी पाहिलेलं नाही.

मग आला २०१८ चा मार्च. ६ तारखेला किसान सभेचा मोर्चा सीबीएस चौकातून मुंबईला निघाला तेव्हा इथला रस्ता लाल टोप्यांनी भरून गेला होता. सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत गेले. ११ च्या रात्री मुंबईत पोचले आणि दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांचा पेपर आहे म्हणून विश्रांती न घेता रातोरात आझाद मैदान गाठलं. १२ ला सरकारने लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. टीव्हीवर रक्ताळलेले तळपाय दिसले. लेखी आश्वासनाचं पुढे काय होतं ते मात्र टीव्हीवर येत नाही. ते माझ्याकडे येतं.

मे महिन्यात एका सकाळी शटर उघडायला गेलो तर ओट्यावर अख्खं गाव. सुरगाण्याकडचे, पहाटेच जीप भरून निघालेले, फडक्यात नागलीच्या भाकरी. पुढे आयटीआयला शिकणारा एक मुलगा, हातात वही. वहीत प्रत्येकाचं नाव, प्लॉट, कोणता पुरावा आहे आणि कोणता नाही. आधीचे दावे ज्याने त्याने आपापले दिलेले. काहींना उत्तर, "फाईल सापडत नाही." काहींना तोंडीच, "नामंजूर झालं." नामंजूर करायचं तर कारणासकट लेखी कळवावं लागतं, हा नियम त्या पोराला पाठ होता. आता सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी द्यायचे होते. प्रत्येकी तीन संच.

अर्ज, जुन्या माणसांचे जबाब, आधार कार्डं, हे सगळं भराभर झालं. वेळ गेला तो जुन्या पावत्यांवर. एका आजीने कमरेच्या चंचीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी, आणि तिच्यातून वनखात्याची दंडाची पावती. १९८३ ची. अतिक्रमण करून नागली पेरली म्हणून पंधरा रुपये दंड. कार्बनची जांभळी अक्षरं उडालेली, कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. ज्या पावतीने त्यांना चोर ठरवलं, तीच आता त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा होती. हे कुटुंब १९८३ साली तिथे शेती करत होतं, हे खात्यानेच सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं!

साध्या झेरॉक्सला नुसता करडा डाग आला. डार्क केलं तर मागचा छापील मजकूर पुढे उमटायला लागला. मग पावतीच्या पाठीशी काळा कागद ठेवला, म्हणजे मागचं दिसत नाही, रंगीत स्कॅन घेतला आणि स्क्रीनवर जांभळा तेवढा गडद करत गेलो. आधी शिक्क्याची कड आली, मग रक्कम, मग नाव. मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "नाव नवऱ्याचं. पैसे मी भरले." नव्या कायद्यात पट्ट्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदावर, नवरा-बायको दोघांची नावं लागतात, असं मुलाने तिला सांगितलं. "आधी मिळू दे," एवढंच बोलली.

दुपार कलल्यावर गठ्ठे घेऊन मंडळी निघाली. एखादा कागद कमी पडला तर, असं निमित्त काढून मीही दुकानातल्या पोराला गल्ल्यावर बसवून सोबत गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. आवक-जावकच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी गठ्ठा पाहून नेहमीचं वाक्य टाकलं, "ठेवून जा. पोहोच नंतर न्या." एकटा माणूस ठेवून गेलाच असता. शेवटची गाडी पकडायची असते, भाऊसाहेबांना दुखवून चालत नसतं. ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का घेतल्याशिवाय कागद देऊ नका, असं मी कितीतरी जणांना बजावून पाठवलंय आणि ते शिक्क्याविनाच परत आलेत.

या लोकांनी घोषणा दिल्या नाहीत. व्हरांड्यात भिंतीला टेकून ओळीने बसले. एकाने भाकरीचं फडकं सोडलं. थोड्या वेळाने भाऊसाहेब बाहेर आले. "गर्दी कशाला? एक जण थांबा, सगळ्यांची मिळून एकच पोहोच देतो." मुलगा बोलायला पुढे होणार तोच आजीच्या शेजारची बाई उठली. "नामंजूर एकेकाला केलं ना साहेब? मग पोहोच पण एकेकाला द्या."

भाऊसाहेब काही न बोलता आत गेले आणि शिक्का-पॅड घेऊन बसले. मुलगा वहीतून नाव पुकारायचा, ज्याचं त्याने टेबलाशी जायचं, ओसीवर शिक्का, तारीख, सही, पुढचा. कार्यालय सुटायची वेळ टळून गेली तरी इकडचं कुणी उठेना, म्हणून भाऊसाहेबांनाही उठता येईना. मला त्या माणसाची थोडी दयाच आली. त्याच्यामागच्या कपाटात किती गावांचे गठ्ठे बांधून पडले होते! सिंहस्थ आला की जादा माणसं नेमतात, अधिकारी नेमतात. हे कपाट उपसायला कुणाला नेमलंय?

संध्याकाळी हिशेबाला बसलो. मी आपणहून थोडे पैसे सोडले, तर मुलगा म्हणतो, "सोडू नका काका. सगळे मिळून आलोय ना, होलसेलचा दर लावा." तो हिशेब माझ्या सवलतीपेक्षा स्वस्त निघाला.

पुढे वर्षभरात त्यातल्या काहींचे पट्टे आले. आजीचाही आला. कसत होती चार एकर, कागदावर आलं पंचवीस गुंठे. मोजणीच्या नकाशाच्या प्रती काढायला मुलगा पुन्हा आला तेव्हा त्याने पंचनामा दाखवला. मोजणीच्या दिवशी गावचं कुणीच हजर नव्हतं. फेरमोजणीचा अर्ज मीच टाइप केला. खाली सह्या आणि अंगठे सगळ्या गावाचे, ज्यांचं क्षेत्र बरोबर निघालं होतं त्यांचेसुद्धा. मागणी दोन ओळींची होती: मोजणी पुन्हा करावी, आणि तारीख आठ दिवस आधी कळवावी, आम्ही सगळे शेतावर हजर राहू.